गोतावळा सापडत नाही

"या, भावो..." मोठ्या बाईंनी शब्द अर्ध्यावर गिळला आणि म्हणाल्या, "या, सर. बरं झालं आलात."

'सर' कुणाला म्हणाल्या हे बघायला भावोजींनी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. मग त्यांनी हातातला डबा नेहमीच्या फळीवर ठेवला.

"सकाळपासून मशीन बंद पडलंय," मोठ्या बाई म्हणाल्या. हॉस्पिटलच्या तळघरातली ही रक्ततपासणीची लॅब त्यांच्या ताब्यात होती, आणि ताब्यात आहे हे त्या कुणाला विसरू देत नसत. आज मात्र आवाज मऊ होता. "जनरेटरची चाचणी घ्यायची म्हणून वीज घालवली, बॅटरीनं हात टेकले, आणि ते जे बसलं ते उठायलाच तयार नाही. तुमची रजा अजून आहे, ठाऊक आहे मला. बोलवायचं अगदी जिवावर आलं होतं. पण बाहेर बघितलंत ना?"

बाहेर त्यांनी बघितलं होतं. बाकावर माणसं खेटून बसली होती, उरलेली भिंतीला टेकून उभी होती. वॉर्डातल्या मावश्या हातात नळ्यांचे ट्रे घेऊन येत होत्या आणि हातानं लिहिलेले अहवाल घेऊन पळत होत्या. रक्त तपासणारी यंत्रं चालू होती, आकडे निघत होते. पण ते वरच्या मजल्यांवर पोचवणारं आणि जपून ठेवणारं मशीन बंद होतं, म्हणून लॅबच्या सगळ्या बायका खाली माना घालून लिहीत बसल्या होत्या.

त्यांतल्या एकीनंही आज भावोजी अशी हाक मारली नाही. एरवी ते दारात दिसले की तीन-चार तोंडांतून एकदम हाक यायची. 'भावोजी, माझा माउस रुसलाय.' 'भावोजी, प्रिंटर कागद खातोय, त्याला काही घालत नाही का तुम्ही?' आज रक्त काढणारी, जिला सगळे सुई म्हणत, तीसुद्धा नुसती मान हलवून म्हणाली, "नमस्कार सर."

खिडकीखालच्या टेबलापाशी ताईचं स्टूल होतं. त्यावर रसायनांचे खोके रचून ठेवले होते. रिकामं दिसू नये म्हणून ठेवले होते, हे कुणालाही कळलं असतं.

पगारपत्रकावर त्यांचं दुसरं नाव होतं, ते तिथंच राहू दे. या लॅबमध्ये ते भावोजी होते, कारण त्यांची बायको इथली ताई होती. ती आधीपासून इथं होती, पार लॅबमध्ये एकच सूक्ष्मदर्शक होता तेव्हापासून. भावोजी एका छापखान्यात अक्षरजुळणीच्या कॉम्प्युटरवर काम करत. छापखाना बंद पडला आणि ते घरात बसले. घरात बसलेला नवरा म्हणजे काय, हे ताईनं थोडे दिवस सोसलं आणि मग त्यांना डब्यासारखं उचलून इथं आणून ठेवलं. 'आमच्या ह्यांना कॉम्प्युटरमधलं कळतं,' एवढीच ओळख. ताईचा नवरा म्हणून सगळ्या भावोजी म्हणू लागल्या, मग डॉक्टर म्हणू लागले, मग पहारेकरी. ताईला तर ऊतच आला. घरी ती 'अहो' म्हणायची, पण लॅबमध्ये चारचौघींत मुद्दाम म्हणायची, "अहो भावोजी, आमच्याकडे पण बघा की जरा."

असं ते तिच्या नात्यानं इथं आले, आणि तिच्या नात्यानंच राहिले. आता ताई नव्हती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि रक्तातलं भलतंच काही निघालं. तिचे नमुने याच लॅबनं तपासले. ते आकडे तिला स्वतःला वाचता येत होते, हीच मोठी पंचाईत होती. तिच्यापासून लपवायची सोय कुणालाच उरली नव्हती.

ताई गेली, मग भावोजी कुणाचे? कुणी हे विचारलं नव्हतं. पण 'सर' म्हणण्यातून तेच विचारलं जातंय असं भावोजींना वाटलं. मोठ्या बाई तर भेटायला घरी आल्या होत्या तेव्हा म्हणाल्याही होत्या, "आता बाहेरच्या कंपनीचा माणूस येतोच मशीन बघायला. तुम्ही आराम करा की." चांगल्या मनानंच म्हणाल्या होत्या. भावोजी 'बघू' म्हणाले होते. हल्ली ते सगळ्यालाच 'बघू' म्हणत. त्यांना काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

ते मशीनच्या खोलीकडे निघाले.

खोली म्हणजे जिन्याखालची जागा. एक दार, एक लोखंडी मांडणी, एक गार हवेचं यंत्र. आत बाहेरच्या कंपनीचा माणूस बसला होता. चाळिशीच्या आसपासचा, नीट विंचरलेला, शर्टाच्या बाह्यांना कडक घडी. हॉस्पिटलनं मशीनांची देखभाल कंपनीकडे दिली तेव्हापासून तो आठवड्यातून एकदा यायचा, आणि आल्यावर आधी वायरी सोडवून, सरळ करून बांधायचा. लॅबच्या बायकांनी त्याचं नाव टापटीप ठेवलं होतं. त्याला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

"या," टापटीप उठून उभा राहिला. "कळलं मला... म्हणजे, ताईंचं. मी यायला हवं होतं घरी."

"बसा," भावोजी म्हणाले. "काय म्हणतंय?"

"डिस्क गेलीय. दोनपैकी एक तरी नक्की. हे बघा ना."

पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं होती. भावोजींनी चष्मा चढवला. मशीननं इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा सरळ अर्थ असा: मूळ जिथं असायला हवं तिथं थांबलो, वाट पाहिली, आता वाट पाहणं सोडलं. गोतावळा सापडत नाही.

त्या शेवटच्या नावावर भावोजींची नजर थोडी थांबली.

"नवी डिस्क मागवलीय," टापटीप म्हणाला. "आली की सगळं पुसून नव्यानं बसवतो. मागच्या आठवड्याची प्रत आहे आपल्याकडे. मधल्या दिवसांचे अहवाल मात्र जातील. ते परत भरावे लागतील बायकांना, जेवढे सापडतील तेवढे."

"डिस्क गेली हे कशावरून?"

"सापडत नाही म्हणतंय ना."

"गेली म्हणत नाहीये. सापडत नाही म्हणतंय," भावोजी म्हणाले. यात काही मोठा मुद्दा आहे असं त्यांना वाटत नव्हतं. बोलायचं म्हणून बोलले. "सरका जरा. बसू द्या."

मशीन उठतं कसं, ते थोडं सांगायला हवं. वीज आली की आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो, त्याला बूटलोडर म्हणतात. घरात सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या माणसासारखं त्याचं काम: बाकीच्यांना उठवायचं आणि बाजूला व्हायचं. बाजूला होताना तो एका ओळीत पत्ता देऊन जातो, की मूळ, म्हणजे मशीनचा मुख्य भाग, अमुक ठिकाणी आहे, तिथं जा. त्या पत्त्यावर मूळ भेटलं की पुढचा सगळा कारभार तिथून चालतो. नाही भेटलं तर मशीन उंबऱ्यातच उभं राहतं. आत्ता उभं होतं तसं.

भावोजींनी आहेत त्या डिस्का दाखव असा हुकूम टाइप केला. दोन्ही दिसल्या, धडधाकट. मग त्यांनी विचारलं, या दोघी मिळून कुठल्या गटात आहेत? मशीननं तेही सांगितलं. गट जागच्या जागी होता. आतले भाग शाबूत होते, मूळही आणि अहवालही. फक्त गटाचं नाव वेगळं होतं. दोन इंग्रजी अक्षरं आणि पुढं आकडे.

"हे कोणी केलं?" भावोजींनी विचारलं.

टापटीप वाकून बघू लागला. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मी," तो म्हणाला. "तुम्ही रजेवर गेलात त्या आठवड्यात. कंपनीचा नियम आला होता, सगळीकडे गटांची नावं एका पद्धतीची हवीत. हे एकच नाव काहीतरी... मला वाटलं, कुणीतरी गंमत केलीय."

"हो. गंमतच होती ती, ताईची."

"पण मी नाव बदलल्यावर चालू होतं की! इतके दिवस चालू होतं."

"चालू असताना नाव कोण विचारतंय? उठताना विचारतात," भावोजी म्हणाले.

"आतल्या यादीत पण बदललं होतं मी. कुठला भाग कुठं जोडायचा त्या यादीत. विसरलो नव्हतो." टापटीपनं कपाळ चोळलं. "पण बाकी सगळ्या ठिकाणी मूळ गटाच्या बाहेर असतं हो. गटात नुसता साठा असतो. म्हणून बूटलोडरकडे बघायची वेळच येत नाही. इथं मूळच गटात आहे, हे डोक्यातच आलं नाही. चूक झाली माझी."

 मूळ गटात कुणी ठेवलं होतं ते भावोजींना पक्कं आठवत होतं.

हे मशीन नवं आलं तेव्हा ताई डबा खायला या खोलीत यायची, इथं गार असतं म्हणून. एकदा तिनं विचारलं, "दोन डिस्का कशाला? एकीनं भागत नाही?" त्यांनी समजावून सांगितलं. दोन्ही एकत्र करायच्या, त्यांचा एक गट करायचा, आणि मग त्या गटातून हवे तेवढे भाग पाडायचे. भिंती पक्क्या नसतात. एखादा भाग कमी पडला तर सरकवून मोठा करता येतो. नवी डिस्क आणली तर तीही गटात घेता येते.

"म्हणजे एकत्र कुटुंब," ताई घास थांबवून म्हणाली. "दोन जावा, एक चूल. खोल्या काय, पडदे सरकवले की झालं. ही थोरली, ही धाकटी."

"तसंच म्हण."

"आणि यातलं मुख्य काय असतं? ज्याच्यावर सगळं उभं आहे ते?"

"मूळ. ते खरं म्हणजे बाहेर ठेवतात. वेगळं."

"का? सगळ्यांना आत घेतलं आणि त्यालाच बाहेर? ठेवा की आत."

त्यांनी आत ठेवलं. ठेवता येतं, चुकीचं काही नसतं त्यात. मग गटाला नाव हवं होतं. त्यांनी हॉस्पिटलचं आद्याक्षर घातलं होतं. ताईनं ते पुसायला लावलं आणि म्हणाली, "गोतावळा घाला. रोज सकाळी मशीन उठलं की आधी गोतावळा शोधू दे. बरं असतं." इंग्रजी अक्षरांत त्याचं स्पेलिंग कसं करायचं यावर त्यांचा वाद झाला होता. जिंकली अर्थात तीच.

फोन वाजला. मुलगी होती. ती लग्नानंतर दुसऱ्या गावी राहत होती, आणि हल्ली रोज या वेळेला फोन करायची.

"बाबा, घरी नाही का तुम्ही? आवाज कसला येतोय?"

"कामावर आलोय."

"आजच? कशाला? रजा आहे ना?"

"मशीन बंद पडलंय."

"आणि तिथं... सगळे ठीक आहेत? कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"सर म्हणाले," भावोजी म्हणाले.

"म्हणजे?"

"काही नाही. ठेवतो. काम आहे."

"जेवून घ्या. आणि माझ्याकडे यायचं काय ठरवलंत?"

"बघू," भावोजी म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांच्या बोटांनी एक ओळ टाइप केली. टापटीपला विचारलं नाही, स्वतःलाही विचारलं नाही. नव्या नावाचं पुन्हा जुनं केलं. गोतावळा. मशीननं निमूट मान्य केलं. त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं.

"अहो, थांबा, आत यादीत मी..." टापटीप म्हणेपर्यंत अक्षरं सरसर वर जाऊ लागली होती.

या खेपेला मूळ सापडलं. पडदा भरभर चालला. भावोजींच्या छातीत काहीतरी किंचित हललं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. टापटीपनंही सुस्कारा सोडला. आणि मग अक्षरं थांबली. मशीन कुणाची तरी वाट बघत राहिलं, बघत राहिलं, आणि पुन्हा काळ्यावर पांढरं लिहून उभं राहिलं.

"यादी," टापटीप हळूच म्हणाला. "बूटलोडर जुनं नाव सांगतोय, ते सापडलं. आतली यादी नवं नाव मागतेय. ते आता नाहीये."

"हो," भावोजी म्हणाले. "माझी चूक."

त्यांना ते कळायला हवं होतं. टापटीपनं नुकतंच, त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. एरवी असली घाई त्यांनी कुणालाही करू दिली नसती. आधी सगळीकडे नजर टाकायची, मगच हात लावायचा, हे त्यांचं रोजचं पालुपद होतं. आज त्यांना मशीन दुरुस्त करायचं नव्हतंच. त्यांना ते नाव परत हवं होतं, बाकी काही नाही. हे लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दार उघडून मोठ्या बाई डोकावल्या. "सर, वरून शस्त्रक्रियेवाले सारखे फोन करतायत. एकाचा जुना रक्तगटाचा अहवाल हवाय, तो त्याच्यातच आहे. जमेल ना?"

"जमेल," भावोजी म्हणाले.

"थोडा वेळ लागेल, बाई," टापटीपनं पुस्ती जोडली. "डिस्क शाबूत आहे. काही पुसायचं नाही. चूक माझी होती."

मोठ्या बाईंनी टापटीपकडे डोळे वटारले, मग भावोजींकडे बघून दार लावून घेतलं.

"एक सांगू?" टापटीप म्हणाला. "आतली यादी परत जुनी करून टाकू. दोन ओळींचं काम आहे. नाव राहू दे तुमचं. मी वर कळवतो, एका मशीनला सवलत द्या म्हणून. काहीतरी कारण लिहीन."

"काय कारण लिहाल?"

 टापटीप वायरींकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं हो हे ताईंचं होतं ते. आणि मला तर तुम्हाला हाक काय मारायची तेच कळेनासं झालंय. आधी सगळ्या भावोजी म्हणायच्या म्हणून मीही म्हणायचो. आज सकाळी बाईंनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, आता भावोजी म्हणायचं नाही. त्यांना लागेल. सर म्हणा."

 गार हवेचं यंत्र घरघरत होतं. म्हणजे ही माणसं भावोजींना तोडत नव्हती. जपत होती. पण जपण्यानंही तेच झालं होतं. त्यांना कुणावर रागावता येईना.

ते खुर्ची पुढं ओढून नीट बसले. "नवंच नाव ठेवू," ते म्हणाले.

"नक्की?"

"उद्या मी नसेन, तुम्हीही नसाल. तिसरा कुणीतरी येईल आणि तुमच्या पद्धतीचं नाव शोधेल. त्याला हे सापडणार नाही, आणि तो म्हणेल, डिस्क गेली, पुसा." ते थांबले. "मशीनला दोन नावं झेपत नाहीत. एक काहीतरी करून टाकू."

त्यांनी गटाचं नाव पुन्हा बदललं. नवं. दोन अक्षरं आणि आकडे. मग मशीन बंद करून सुरू केलं, आणि बूटलोडर पुढं जायच्या आत त्याला थांबवलं. पत्त्याची ओळ उघडली. एकदा तोंडी पत्ता सांगायचा, आत शिरायचं, आणि आत गेल्यावर तो कायमचा लिहून ठेवायचा, अशी ती रीत. ओळीच्या मधोमध ते नाव होतं, तिनं वाद घालून ठरवलेल्या स्पेलिंगचं. भावोजींनी त्याच्या शेवटी कर्सरची चौकोनी खूण आणून ठेवली आणि पुसायला लागले. एकेक अक्षर मागं मागं गेलं.   जागा रिकामी झाली, तिथं त्यांनी नवं नाव लिहिलं आणि कळ दाबली.

मशीन उठलं. मूळ सापडलं, यादीतलं सगळं जागेवर लागलं. टापटीप पुढं झाला, त्यानं बूटलोडरचा कायमचा पत्ता नव्यानं लिहिला, मशीन पूर्ण जागं होण्याआधी चालणारी एक छोटी व्यवस्थाही पुन्हा बांधली, आणि या वेळी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. भावोजी प्रत्येक ओळीला 'हं' म्हणत गेले. मग त्यांनी मिळून जुनं नाव मशीनभर शोधलं, कुठं राहून गेलंय का ते बघायला. एका ठिकाणी राहिलं होतं. तेही काढलं.

"आता परत एकदा बंद करायचं," टापटीप म्हणाला. "आपण न सांगता उठतं का ते बघायला हवं."

"करा."

दोघं हाताची घडी घालून उभे राहिले. मशीन गप्प झालं, पंखे थांबले, मग पुन्हा घूं करत सुरू झाले. काळा पडदा, अक्षरं, अक्षरं. कुठंही न अडखळता, कुणालाही न विचारता मशीन सरळ उठून बसलं. ते आता गोतावळा शोधत नव्हतं.

"झालं," टापटीप म्हणाला. "एखादा अहवाल काढून बघा. कुठलाही नंबर टाका."

कुठलाही नंबर म्हणजे कुठला? लॅबमधले नंबर भावोजींच्या हाताखालून हजारोंनी गेले होते, पण पाठ एकच होता. त्यांनी तो टाकला. ताईचा अहवाल पडद्यावर आला, शेवटचा. वर तिचं पूर्ण नाव होतं, जे घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. खाली आकडे, आकड्यांपुढं धोक्याच्या खुणा, आणि तळाशी तपासणाऱ्याची सही म्हणून मोठ्या बाईंचं नाव. सगळं जिथल्या तिथं होतं. एकही अक्षर गेलं नव्हतं.

आता मात्र त्यांना वाईट वाटलं.  त्यांनी चष्मा काढला आणि मनगटानं डोळे पुसले. टापटीप पाठ फिरवून एक सरळच असलेली वायर पुन्हा सरळ करत राहिला.

"बरोबर आहे," भावोजी थोड्या वेळानं म्हणाले. "अहवाल बरोबर आहेत."

ते लॅबमध्ये आले तेव्हा पडदे उजळले होते, आणि बायका हातातली पेनं टाकून अवघडलेली बोटं मोडत होत्या. सुई म्हणाली, "देवासारखे आलात, स..." आणि पुढं काय म्हणावं ते तिला सुचलं नाही. मोठ्या बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. भिंतीवरचा फोन वाजत होता आणि सगळ्यांच्या हातात मोजे होते. भावोजींचेच हात मोकळे होते.

त्यांनी फोन उचलला.

"लॅब का?" वरच्या मजल्यावरची सिस्टर होती, आवाजात घाई. "रक्तगटाचा अहवाल अजून नाही आला. मशीन चालू झालंय की नाही? कोण बोलतंय?"

भावोजी क्षणभर थांबले. पगारपत्रकावरचं नाव जिभेवर आलं होतं. सर म्हणून सांगायचं तर कुणी स्वतःला सर म्हणत नाही. मागं टेबलांवरचे आवाज कमी झाले होते, हे त्यांच्या लक्षात आलं.

"भावोजी बोलतोय," ते म्हणाले.

"अहो, भावोजी होय! मग आधी सांगायचं ना," सिस्टर म्हणाली. "पाठवा लवकर."

"पाठवतो. दिसेल तुम्हाला आत्ता."

त्यांनी फोन ठेवला आणि अहवाल काढायला वळले. तेवढ्यात मोठ्या बाई उठल्या. खिडकीखालच्या टेबलापाशी गेल्या, ताईच्या स्टुलावरचे खोके एकेक करून उचलून खाली जमिनीवर ठेवले, आणि मोज्याच्या पाठीनं स्टूल पुसलं.

"उभ्यानं काय करताय, भावोजी," त्या म्हणाल्या. "बसा की."